कष्ट चालू ठेवा, पण आतला अलार्म नंबर वाचायला शिका

आमच्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीन, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन, अडलं की स्क्रीनवर लाल अक्षरात अलार्म येतोय आणि त्याला एक नंबर असतोय. नवीन आलेला पोरगा हमखास काय करतोय तर नंबर न वाचताच रीसेट दाबतोय. मशीन चालू होतंय, परत अडतंय, परत रीसेट, आणि चौथ्या वेळी टूल मोडून जॉबमध्ये, म्हणजे कापायला लावलेल्या तुकड्यात, अडकलेलं असतंय. चौदा वर्षं मी हे बघत आलोय आणि पोरांना ओरडत आलोय की बाबा आधी नंबर वाच. पण स्वतःच्या बाबतीत मी वर्षानुवर्षं फक्त रीसेटच दाबत होतो, आणि ते मला कळलं तेव्हा अकरा कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग, भंगारात गेली होती.

दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा. बाबांची ॲन्जिओप्लास्टी झालेली, डोक्यावर हप्ते, आणि मी तीन आठवडे सुट्टी न घेता ओव्हरटाइम मारत होतो. त्या रात्री लागोपाठ दुसरी शिफ्ट होती. बोअरचं, म्हणजे जॉबमधल्या भोकाचं, माप थोडं कमी यायला लागलं म्हणून ऑफसेटला, म्हणजे टूल किती सरकवायचं त्या मशीनमधल्या आकड्याला, ०.०५ वाढवायचं होतं, मी टाकलं ०.५. नवीन ऑफसेट टाकला की पुढचा पहिला पीस मोजायचा, हा नियम मीच सगळ्यांना शिकवलेला, त्या रात्री मी मोजला नाही. अकराव्या पीसला हेल्परनं माप घ्यायचा व्हर्नियर लावला आणि सांगायला आला, तर मी त्याच्याच अंगावर गेलो. खानापूरकडचं एकोणीस वर्षांचं पोरगं, हातात व्हर्नियर घेऊन खाली बघत उभं राहिलं, एक शब्द बोललं नाही. सकाळी घरी जाताना तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ गाडी बाजूला घेतली आणि हेल्मेट न काढता तसाच रडलो. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की तीन आठवडे मी ज्याला राग समजत होतो ती भीती होती. बाबा जातील याची.

आता, "काम कमी करा, स्वतःला वेळ द्या" असं सांगणारे खूप आहेत. वडगावात मागावर बसणाऱ्याला, निपाणीत विडी वळणाऱ्या बाईला, अथणीकडं रात्री लाइट येते म्हणून रात्रीच उसाला पाणी पाजणाऱ्या शेतकऱ्याला असं कोण सांगणार? काम कमी करणं आपल्यातल्या बहुतेकांच्या हातात नाही, आणि खरं सांगायचं तर मला कष्टाचा अभिमान आहे, तो सोडायचा नाही. म्हणून खाली लिहिलंय ते कष्ट चालू ठेवून करायचं आहे. मी केलंय, आमच्या शिफ्टमधल्या चार-पाच जणांनी केलंय.

पहिली पायरी: आठ दिवस फक्त नोंद, सुधारणा काही नाही

शर्टाच्या खिशात मावेल अशी छोटी वही घ्या. मोबाइलमध्ये लिहू नका, कारण मोबाइल उघडला की व्हॉट्सॲप उघडतंय आणि तुम्ही काय लिहायला आला होता तेच विसरता.

दिवसात तीन थांबे ठरवा. माझे असे आहेत: शिफ्ट सुरू व्हायच्या आधी गेटच्या आत गाडी लावल्यावर, जेवणाचा डबा बंद केल्यावर, आणि घरासमोर गाडी स्टॅंडवर लावल्यावर दाराची कडी वाजवायच्या आधी. तिसरा थांबा सगळ्यात महत्त्वाचा, कारण कामावरचं सगळं आपण त्या दारातनं आत घेऊन जातो. तुमचे थांबे तुमच्या कामात शोधा. विडी वळणारीनं सूप रिकामं झालं की, दुकानदारानं शटर ओढलं की, कॅम्पातल्या मैदानावर पहाटे भरतीसाठी १६०० मीटर पळणाऱ्या पोरांनी बूट सोडताना. नवीन वेळ काढायची नाही, जी हालचाल रोज होतेच तिच्याला नोंद चिकटवायची, नाहीतर तिसऱ्या दिवशी वही गादीखाली जाते.

प्रत्येक थांब्याला एकच ओळ. वेळ, काय चाललंय, अंगात कुठं काय होतंय, एक शब्द, आणि शून्य ते दहात आकडा. माझ्या वहीतल्या दोन ओळी जशाच्या तशा देतो:

"दु. १.३० – जेवलो – जबडा घट्ट, भात चव लागली नाही – धाकधूक – ६"

"रा. ११.१० – दारात – खांदे दुखतात, डोळे चुरचुरतात – नुसता थकवा – ८"

ह्या दोन ओळींत किती फरक आहे बघा. पहिलीत काहीतरी टोचतंय, दुसरीत फक्त झोप पाहिजे. वही नव्हती तेव्हा मी दोन्हीला "डोकं उठलंय" म्हणत होतो आणि दोन्हीवर उपाय एकच, अजून काम.

ह्या आठ दिवसांत स्वतःला सुधारायला जाऊ नका. राग आला तर आला, लिहा आणि पुढं चला. आणि वही कुणाला दाखवायची नाही, बायकोला पण नाही, नाहीतर तुम्ही चांगलं दिसेल असं लिहायला लागता.

दुसरी पायरी: अंग काय म्हणतंय ते ऐका, आपल्या भाषेनं नकाशा आधीच काढून ठेवलाय

पहिल्या आठवड्यात बऱ्याच जणांची अडचण अशी येते की "मला काही वाटतच नाही, मी नॉर्मल आहे." पुरुष तर हमखास असं म्हणतात. त्यांना मी सांगतो, मनाचं राहू दे, अंगाचं सांग. कारण मराठीत आपण भावना अंगानंच बोलतो. पोटात गोळा आला, छातीत धस्स झालं, डोक्यात तिडीक गेली, हातपाय गळाले, घशात आवंढा आला, कान तापले, काळीज चरकलं, जीव टांगणीला लागला. हे शब्द नुसते बोलायचे म्हणून नाहीत, अंगात ती गोष्ट खरोखर त्याच जागी होते, एकदा लक्ष देऊन बघा.

माझी आई माग चालवायची. ती म्हणायची, "जीव कावलाय माझा, तुम्ही जेवून घ्या, मी जेवतो मागनं." (आमच्याकडं बायका पण "मी जेवतो", "मी येतो" असंच बोलतात, बाहेरच्यांना नवल वाटतं.) जीव कावला की ती पाच मिनिटं परड्यात जाऊन उभी राहायची, मग परत मागावर. आम्हाला वाटायचं पाणी आणायला गेली असेल. आज कळतंय की ती तिचा थांबा घेत होती.

तर वहीत रोज एक अंगाची जागा लिहाच. दहा-पंधरा दिवसांत तुमच्या लक्षात येईल की तुमचं अंग ठरलेल्या जागीच बोलतंय. माझं जबड्यात. आमच्या एका ऑपरेटरचं उजव्या खांद्यात, तो खांदा चोळायला लागला की आता मला पण कळतंय की याच्या घरी काहीतरी झालंय. इन्सर्ट, म्हणजे टूलच्या टोकाचा कापणारा तुकडा, तुटायच्या आधी कटिंगचा आवाज बदलतो, जुन्या माणसाचा कान तो पकडतो, तसंच आहे हे. कान तयार व्हायला दिवस लागतात, घाई करू नका.

तिसरी पायरी: "टेन्शन" हा शब्द पंधरा दिवस बंद

टेन्शन म्हणजे काय? हप्त्याचं टेन्शन, पोरीच्या मार्कांचं टेन्शन, साहेबाचं टेन्शन, पावसाचं टेन्शन. एकाच शब्दात सगळं कोंबलं की कशावर काय करायचं ते कळत नाही. पंधरा दिवस तो शब्द वहीत लिहायचाच नाही असं ठरवा. मग मनात शोधाशोध सुरू होते आणि आपले जुने शब्द वर येतात: धाकधूक, चिडचिड, वैताग, खंत, हुरहूर, घालमेल, कानकोंडं, हिरमोड, असूया, अपराधीपणा, एकटं पडल्यासारखं. वैताग आणि खंत ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वैताग बाहेरच्या कशाचा तरी येतो, खंत आपण काही केलं नाही याची असते. आठ दिवस वैताग वैताग लिहून नवव्या दिवशी मी खंत लिहिलं आणि लगेच कळलं की त्या खानापूरच्या पोराशी बोलायचं राहिलंय.

नाव दिलं की जोर कमी होतो, हे नुसतं म्हणायचं म्हणून नाही. २००७ मध्ये मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले आणि मेंदूचं स्कॅनिंग केलं. ज्यांनी चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द लावला त्यांच्या मेंदूतल्या अमिग्डला ह्या भागाची, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, हालचाल कमी झाली. नुसता शब्द लावून.

आणि इथं आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या माणसांची एक वेगळीच गंमत आणि अडचण आहे, ती बाहेरच्यांना कळणार नाही. आपण दिवसभर तीन-चार भाषांत जगतो. कारखान्यात मशीनवर कन्नड, ऑफिसात इंग्रजी-हिंदी, घरी मराठी. एकदा माझा चिकोडीकडचा जोडीदार मला म्हणाला, "भाळ बेजार आगेद री अण्णा." मी मराठी कानानं ऐकलं. आपलं बेजार म्हणजे काय, दमून जेरीस आलेला माणूस. म्हटलं, मग जा की, चहा मारून ये, दहा मिनिटं मी बघतो मशीन. तो गेला, चहा पिऊन आला, आणि दिवसभर गप्प. दोन दिवसांनी दुसऱ्याकडनं कळलं की त्याच्या भावाशी जमिनीवरनं तुटलं होतं. कन्नडमधलं बेजार म्हणजे मन खट्टू होणं, वाईट वाटणं. शब्द एकच, त्याला पाहिजे होतं ऐकणारं माणूस आणि मी दिला चहा. तेव्हापासून कुणी बेजार म्हटलं की मी विचारतो, अंगानं का मनानं? स्वतःलाही तेच विचारा. आणि बघा तुमचा राग कुठल्या भाषेत येतो आणि रडू कुठल्या भाषेत येतं. माझा राग कन्नड-हिंदीत येतो, भीती मात्र मराठीतच येते, म्हणून वही मराठीत लिहितो. तुमचं उलटं असेल तर तसं लिहा.

चौथी पायरी: जे नाव निघालं त्याला काय पाहिजे ते विचारा

थकवा निघाला तर झोप, त्याला दुसरं औषध नाही. याबद्दल मी कडक आहे, कारण मी पैसे मोजून शिकलोय. २००० साली छापून आलेल्या एका अभ्यासात असं दिसलं की सतत १७ ते १९ तास जागा राहिलेला माणूस काही चाचण्यांमध्ये रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकाच, काहींमध्ये त्याहून वाईट चुकतो. आपल्याकडं गाडी चालवायची कायद्याची हद्द ०.०३ टक्के आहे. म्हणजे डबल शिफ्ट संपवून जो माणूस गाडीवर बसतोय तो दारू न पिता प्यायलेल्यासारखाच आहे. मी त्यावरनं एक नियम केला: उठल्यापासून १७ तास झाले की सेटिंगला आणि ऑफसेटला हात लावायचा नाही, फक्त लोडिंग-अनलोडिंग, आणि आकडा टाकायचाच झाला तर दुसऱ्या माणसानं मोठ्यानं वाचून दाखवायचा.

भीती निघाली तर तिला माहिती लागते. बाबांच्या बाबतीत मी डॉक्टरांना नीट काही विचारलंच नव्हतं, घाबरून. शेवटी कागदावर चार प्रश्न लिहून गेलो, वीस मिनिटं बोललो, आणि सहावरचा आकडा तीनवर आला. हप्त्याची भीती असेल तर सगळे हप्ते, तारखा आणि उरलेली रक्कम एका कागदावर मांडा. आकडा मोठा निघाला तरी चालेल, अंधारातला आकडा त्याहून मोठा असतोय.

राग निघाला तर बघा की कुणी तुमची हद्द ओलांडली आहे का. ओलांडली असेल तर बोलावंच लागतं, पण त्याच मिनिटाला नाही. दुःखाला आणि हुरहुरीला माणूस लागतो, उपाय सांगणारा नको, ऐकणारा पाहिजे. अपराधीपणा असेल तर जाऊन माफी मागा. मी त्या पोराची मागितली, सगळ्यांसमोर, कारण ओरडलो पण सगळ्यांसमोरच होतो. असूया निघाली तर लाजू नका, भावकीतल्या कुणाचं घर झालं की पोटात दुखतंच, लिहून ठेवा, तुम्हाला नक्की काय पाहिजे ते त्यातनं कळतं.

पाचवी पायरी: ऐन कामात उसळलं तर

इथं वही चालत नाही. हातातलं काम सुरक्षित थांबवा, मशीन असेल तर फीड होल्ड, म्हणजे टूलचं पुढं सरकणं थांबवणारं बटण, दाबा. मग चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात. दीड-दोन मिनिटं करा. श्वास सोडायला जास्त वेळ लावला की अंगाला शांत करणाऱ्या नसा कामाला लागतात आणि छातीची धडधड उतरते. हे उभ्या उभ्या, डोळे उघडे ठेवून होतं, शेजारच्याला कळत पण नाही.

मग एक वाक्य, आधी पाठ करून ठेवलेलं. वरच्या माणसाला: "साहेब, मला पाच मिनिटं द्या, आत्ता बोललो तर चुकीचं बोलेन." हाताखालच्याला: "थांब जरा, आधी मी बघतो काय झालंय, मग बोलू." घरात: "दहा मिनिटं बसू दे गं मला, मग सांगतो सगळं." शेवटच्या वाक्यात "मग सांगतो" म्हटलंय ते पाळायचंच, नाहीतर घरचे समजतात की हा टाळतोय, आणि त्यांचं बरोबर असतं.

सहावी पायरी: सुट्टीच्या दिवशी वही उलगडा

चहा घेऊन बसा, पंधरा मिनिटं पुरे. लाल पेन घ्या. सातच्या वरच्या आकड्यांना लाल गोल, आणि त्या ओळींमध्ये सारखं काय आहे ते शोधा. माझं निघालं की लागोपाठ तिसऱ्या रात्रीनंतरच सगळे लाल गोल येतात. मग इंचार्जशी बोलून तिसऱ्या रात्रीचा ओव्हरटाइम मी सोडला आणि त्याच्या बदल्यात सुट्टीच्या आधीच्या दिवशी दुपारचे चार तास घेतले. पैसे जवळपास तेवढेच राहिले. आठवड्याला एकच बदल करा, दोन केले तर कशानं फरक पडला ते कळत नाही. सेटिंग करताना पण एका वेळी एकच ऑफसेट हलवतात.

त्याच दिवशी आठवड्याचे एकूण तास पण मांडा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलं की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका १७ टक्के जास्त असतो. बाबांच्या ॲन्जिओप्लास्टीनंतरच्या त्या तीन आठवड्यांत माझे तास दर आठवड्याला ७० च्या वर होते आणि मी ते कधी मोजलेच नव्हते. मोजल्यानं लगेच कमी होतील असं नाही, पण ५५ च्या वरचा आठवडा हा अपवाद आहे हे घरात सगळ्यांना माहीत पाहिजे, आणि तो किती दिवस चालणार त्याची तारीख ठरलेली पाहिजे.

सातवी पायरी, ज्यांना लागेल त्यांच्यासाठी

काही गोष्टी एका ओळीत मावत नाहीत. त्यासाठी चार दिवस लागोपाठ, रोज पंधरा मिनिटं, न थांबता, शुद्धलेखन न बघता लिहा. ही पद्धत जेम्स पेनेबेकर आणि सॅंड्रा बील यांनी १९८६ मध्ये कॉलेजच्या पोरांवर करून बघितली. लिहिल्यावर लगेच पोरांना जास्त वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांचं दवाखान्यात जाणं कमी झालं. म्हणून नाइटला जायच्या आधी लिहू नका, सुट्टीला जोडून करा. आणि घाव अगदी ताजा असेल, कुणी जाऊन महिना पण झाला नसेल, तर हे आत्ता नको. लिहिलेलं नंतर फाडलं तरी चालतं.

वही पुरत नाही ते कसं ओळखायचं

२०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणानं माणूस आतनं संपून जातो त्याची, तीन लक्षणं सांगितली: अंगातली सगळी ताकद संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन तुटणं किंवा कडवट होणं, आणि पूर्वीइतकं काम हातून न होणं. तिन्ही दिसत असतील तर फक्त सुट्टीच्या दिवशी झोपून ते जात नाही. आणि त्याच्याही पुढं, दोन आठवड्यांच्या वर झोप उडाली असेल, भूक गेली असेल, कशातच गोडी राहिली नसेल, किंवा मरणाचे विचार येत असतील, तर वही बाजूला ठेवा आणि माणसाकडं जा, आजच. टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फोन फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, भाषा निवडता येते. बेळगावात सरकारी बिम्सच्या दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. "वेड्यांचा डॉक्टर" म्हणून मागं राहू नका, ॲन्जिओप्लास्टीला आपण लाजलो का?

जाताना वही घेऊन जा, शेवटचे पंधरा दिवस डॉक्टरांना वाचून दाखवा, झोपेचे तास पण लिहिलेले असू देत. समोरचे डॉक्टर कन्नड बोलणारे असतील आणि तुमचं कन्नड बाजारापुरतंच असेल, तर दोन्ही भाषा येणारं विश्वासाचं कुणीतरी बरोबर न्या आणि तीन वाक्यं घरीच लिहून त्याच्याकडनं कन्नड करून घ्या. आणि तिथं बेजार हा शब्द वापरलात, तर अंगानं का मनानं तेवढं स्पष्ट सांगा.